तीन कोटेशनं आणि नणंदेचे यजमान

ताई, सप्रेम नमस्कार.
मी सांगलीत गावभागात राहते, शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला ११९७ सीसीची पेट्रोल गाडी घेतली. शोरूमची किंमत ८ लाख होती, गाडी माझ्या नावावर आहे आणि मीच चालवते. विमा संपायला तीन आठवडे उरलेत. शोरूमनं १७,९०० रुपये सांगितले. एका ऑनलाइन कंपनीनं ७,१५०. माझ्या नणंदेचे यजमान सरकारी विमा कंपनीचे एजंट आहेत, त्यांचं कोटेशन १३,४०० चं आहे. एकाच गाडीला तीन भाव कसे? मला ऑनलाइनचं घ्यावंसं वाटतं, पण नणंदेकडे दिवाळीला काय तोंड दाखवू? दुसरं म्हणजे, मागच्या महिन्यात शाळेच्या फाटकाला मागचा बंपर घासला. गॅरेजवाला साडेचार हजार सांगतोय. क्लेम करू का? तिन्ही कोटेशनं सोबत जोडली आहेत.
ता. क. मिस्टर सीएनजी किट बसवायचं म्हणतायत. त्याचा विम्याशी काही संबंध असतो का?
– एक वाचक, सांगली

नमस्कार,

कोटेशनं जोडलीत ते फार बरं केलंत. बहुतेकजण नुसता शेवटचा आकडा कळवतात आणि ‘स्वस्त कुठलं ते सांगा’ म्हणतात. मी तेवीस वर्षं मोटार क्लेमच्या टेबलावर काढली आहेत. तिथे माणूस येतो तो विमा घेताना काय वाचलं नव्हतं ते ऐकायला. तुमच्यावर ती पाळी यायला नको, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या हातात तीन भाव दिसतात खरे, पण ते तीन वेगवेगळ्या वस्तूंचे आहेत. एक पातळ पोहे, एक जाडे पोहे आणि एक चिरमुरे, असं काहीसं.

आधी नणंदेच्या यजमानांचं कोटेशन घ्या. त्यातली दुसरी ओळ बघा: थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा विमा), ३,४१६ रुपये. आता कपाटातून गाडी घेतली तेव्हाची पॉलिसी काढा. त्यात तुम्हाला थर्ड पार्टीचे १०,६४० रुपये दिसतील, त्यावर जीएसटी वेगळा. हे एका वर्षाचे नाहीत, तीन वर्षांचे एकदम घेतलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. तुमची दोनच वर्षं झाली. म्हणजे अजून एक वर्षाचा थर्ड पार्टी विमा तुमच्या पदरात आहे, आणि यजमान तोच तुम्हाला पुन्हा विकतायत. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. कॉम्प्युटरवर ‘पॅकेज’ नावाचं बटण असतं, सवयीनं तेच दाबलं जातं. १ सप्टेंबर २०१९ पासून नुसता ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा घेता येतो, आणि तो थर्ड पार्टीवाल्या कंपनीकडूनच घ्यायला हवा असंही बंधन नाही. या वर्षी तुम्हाला तेवढाच हवाय.

३,४१६ अधिक १८ टक्के जीएसटी मिळून ४,०३१ रुपये होतात. (सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. गाडीच्या विम्यावरचा गेलेला नाही, कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका.) १३,४०० मधून हे वजा करा. राहिले ९,३६९.

थर्ड पार्टीबद्दल एवढं लक्षात ठेवा की त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४, तिथून १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहेत. सगळ्या कंपन्यांना एकच. त्यामुळे पुढच्या वर्षी, तीन वर्षं संपल्यावर, कुणी ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ म्हणालं तर हसून सोडून द्या. भाव करायला जागा आहे ती ओन डॅमेजमध्ये. २००७ सालापर्यंत तोही दर ठरवून दिलेला होता, आता प्रत्येक कंपनी आपापला लावते. तुलना करायची ती एवढ्याच भागाची.

आता ते ७,१५०. मोबाइलवर आकडा ठसठशीत असतो आणि बाकीचं खाली बारीक. तुमच्या कागदावर आयडीव्ही ४,९०,००० आहे. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. नव्या गाडीची आजची किंमत धरून त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३०. तुमची गाडी बरोबर वेशीवर आहे. ८ लाख धरले तर ५,६०,००० ते ६,४०,००० यांच्या मधला कुठलातरी आकडा रास्त. यजमानांनी ६,१०,००० धरलाय, शोरूमनं ६,२०,०००. ऑनलाइनवाल्यांनी तो खाली ओढला, म्हणून हप्ता उतरला.

हे लोकांना चोरीपुरतंच महत्त्वाचं वाटतं आणि ‘आमच्याकडे कोण गाडी चोरतंय’ म्हणून सोडून देतात. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करून देत नाही, ती मोडीत धरते. ४,९०,००० चे ७५ टक्के म्हणजे ३,६७,५००. ६,१०,००० चे म्हणजे ४,५७,५००. समजा पुरात भिजलेल्या गाडीचं एस्टिमेट चार लाख आलं. यजमानांच्या पॉलिसीत गाडी गॅरेजमधून तुमच्या दारात परत येते. ऑनलाइन पॉलिसीत गाडी जाते, हातात ४,९०,००० पेक्षा थोडे कमी येतात, आणि तेवढ्यात तशी गाडी बाजारात मिळत नाही. यासाठी हप्त्यात वाचतात किती? हजार-दीड हजार. बंपर-दरवाजाच्या लहान क्लेमला मात्र आयडीव्हीचा काही फरक पडत नाही, हेही सांगून ठेवते.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल ५,०००’ वर टिक आहे. ती तुम्ही केली नसणार, आधीच केलेली होती. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले पाच हजार तुमचे, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीनं कापतात ते हजार वेगळे. गाडी वर्षातून चारदा रस्त्यावर येते अशांना ही सूट परवडते. रोज शाळेला जाणाऱ्या बाईनं ती काढून टाकावी. दोन, झिरो डेप नाही.

झिरो डेप म्हणजे सुटे भाग बदलताना घसारा न कापणं. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे तुम्ही भरायचे. फायबरचे ३० टक्के. तुमच्या वयाच्या गाडीला पत्र्यावर १५ टक्के कापले जातील, काचेवर काही नाही. आजच्या गाडीचं तोंड आणि पाठ दोन्ही प्लास्टिकची असतात. वीस हजारांचे प्लास्टिकचे भाग बदलले तर दहा तुमच्या खिशातून. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला मी झिरो डेप घ्यायलाच सांगते. त्यानंतर हिशेब करावा.

शोरूमचे १७,९०० कसे झाले तेही बघू. तिथे थर्ड पार्टी नाही, पण ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची वरची संरक्षणं, सात आहेत. झिरो डेप हवं, ते वर सांगितलंच. कन्झ्युमेबल्स म्हणजे नटबोल्ट, ऑइल, कूलंट यांचा खर्च. थोडक्यात मिळत असेल तर घ्या. किल्ली हरवली तर, टायर फुटला तर, गाडी रस्त्यात बंद पडली तर, हे तीन मला नको वाटतात. सांगलीतल्या सांगलीत गाडी बंद पडली तर मेकॅनिक स्कूटरवर बसून येतो. रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर मूळ बिलाइतके पैसे, हे कर्ज मोठं शिल्लक असेल तर विचार करण्याजोगं आहे. तुम्ही कर्जाबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून ते तुमच्यावर सोडते.

राहिलं इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन मोडलं तर त्याचा खर्च. पुण्याच्या टेकडीवर राहणाऱ्याला मी हे घेऊ नका म्हणाले असते. तुम्ही गावभागात राहता. २०१९ च्या ऑगस्टचा पूर तुम्हाला मी सांगायला नको, २०२१ च्या जुलैचाही नको. पुराचं नुकसान साध्या ओन डॅमेज पॉलिसीत मिळतं. सीट, वायरिंग, आतला सगळा चिखल, हे सगळं. पण पाणी शिरलेलं इंजिन चालू केलं आणि त्यामुळे ते आतून मोडलं तर तो भाग नाकारला जातो, कारण ते पुरानं झालेलं नुकसान धरत नाहीत, चावी फिरवल्यानं झालेलं धरतात. २०१९ नंतर एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. गाडी पाच दिवस अंगणात पाण्यात. पाणी उतरल्यावर त्यांनी एकदाच, फक्त एकदाच, ‘चालू होतेय का बघावं’ म्हणून चावी फिरवली. इंजिनचा खर्च बाकी सगळ्या गाडीच्या खर्चापेक्षा जास्त निघाला, आणि नेमका तेवढाच नामंजूर झाला. रागावलेही नाहीत ते. नुसते चष्मा पुसत बसले. तेव्हा इंजिन प्रोटेक्ट घ्या, आणि घेतलंत तरी भिजलेल्या गाडीला चावी लावू नका. टो करून न्या.

तर आता एक काम करा. एका कागदावर लिहा: फक्त ओन डॅमेज, आयडीव्ही ६,१०,०००, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, व्हॉलंटरी डिडक्टिबल शून्य, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) २५ टक्के. हाच कागद तिघांपुढे ठेवा आणि याचा भाव द्या म्हणा. ऑनलाइनवर आयडीव्हीचा आकडा आपल्याला सरकवता येतो, तो सरकवा. तुलना करून देणाऱ्या साइटवर बघितलंत तर त्याच कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही एकदा बघा, कधी इथे कमी असतं, कधी तिथे. फोन नंबर दिलात की दोन दिवस फोनचा भडिमार होईल, त्याची तयारी ठेवा. माझा अंदाज असा की ऑनलाइनवाले साडेनऊ ते अकरा हजारांत येऊन पोचतील. यजमानांचे ९,३६९ अधिक इंजिन प्रोटेक्टचे काहीशे मिळवले तर तेही तिथेच कुठेतरी. ज्या दोघांत तुम्हाला जवळजवळ दुपटीचं अंतर दिसत होतं, त्यांच्यात पाचशे-हजाराचं राहील. शोरूमही नको असलेले ॲड-ऑन काढल्यावर बरंच खाली येईल.

आणि मग किंमत सोडून एक गोष्ट बघायची उरते: क्लेमच्या दिवशी काय होईल. जाहिरातीतले ९८-९९ टक्के क्लेम मंजूर वगैरे मी फार मनावर घेत नाही. मंजूर झालेल्या क्लेममध्ये किती कापले ते त्यात दिसत नसतं. त्यापेक्षा तुम्ही गाडी जिथे सर्व्हिसिंगला देता तिथल्या बॉडीशॉपमध्ये जा. विक्रीच्या काउंटरवर जाऊ नका. मागे, डेंटिंग-पेंटिंग चालतं तिथे जा. तिथल्या माणसाला विचारा, ‘कुठल्या कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) लवकर येतो? कुणाचं पेमेंट अडकतं?’ पाच मिनिटांत खरं कळतं. दुसरं, त्या कंपनीची कॅशलेस गॅरेजची यादी उघडून त्यात सांगली-मिरजेतलं तुमचं गॅरेज आहे का ते बघा. यादीत नाव कोल्हापूरचं निघालं तर आधी खिशातून पैसे भरा आणि मग परत मिळायची वाट बघा, असा प्रकार होतो.

शोरूममध्ये कदाचित ऐकवतील की विमा बाहेरून घेतलात तर वॉरंटी जाईल. जात नाही. विम्याचा आणि वॉरंटीचा काही संबंध नाही, आणि डीलरला स्वतःकडचाच विमा घ्या अशी सक्ती करायला विमा नियामकाची मनाई आहे. कॅशलेस होणं-न होणं हे त्या गॅरेजचा त्या कंपनीशी करार आहे की नाही यावर असतं, पॉलिसी कुणी विकली त्यावर नसतं.

बंपरचा क्लेम करू नका. हिशेब असा. बोनस न धरता तुमचा ओन डॅमेज हप्ता ८,००० च्या आसपास धरू. दोन वर्षं क्लेम नाही, म्हणून आता २५ टक्के सूट, पुढच्या वर्षी ३५, त्याच्या पुढे ४५. तीन वर्षांचे मिळून ८,४००. क्लेम केलात तर आता शून्य, मग २०, मग २५. एकूण ३,६००. म्हणजे ४,८०० बुडाले, वर त्याचा जीएसटी. दरवर्षी गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही थोडा उतरेल, म्हणून साडेचार हजारच धरा. मिळणार किती? साडेचार हजारांच्या बिलातून सक्तीचे हजार वजा, हाती साडेतीन, आणि तेही चालू पॉलिसीत झिरो डेप असेल तर. नसेल तर त्याहून कमी. घासलेला बंपर तसाच ठेवून चाललात तरी पोरं काही गुण कापणार नाहीत.

बोनसचं अजून एक. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, म्हणून कंपनी बदलली तरी तुमच्याबरोबर येतो. पण पॉलिसी संपून ९० दिवस गेले की तो जातो, आणि एक दिवस जरी मधे गेला तरी नवी कंपनी आधी गाडीची तपासणी करायला लावते. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. एखादा एजंट ‘क्लेम झाला असला तरी बोनस टाकून देतो’ म्हणतो. नव्या कंपनीला जुन्या कंपनीकडून खरं कळतं, आणि ते कळतं नेमकं क्लेमच्या वेळी.

आता नणंद. तुम्ही विचारलंत त्यातला खरा प्रश्न हाच होता असं मला वाटतं. यजमानांना घरी चहाला बोलवा, जुनी पॉलिसी समोर ठेवा आणि म्हणा, ‘भाऊजी, यात थर्ड पार्टी दोनदा लागलीय का हो, बघता का?’ चूक काढल्यासारखं वाटणार नाही आणि चार हजार त्यांच्याच हातानं कमी होतील. मग तुमचा कागद द्या. सरकारी कंपन्यांतही एजंटला वरच्या ऑफिसकडून सूट मागता येते. मागणारा असला की पुष्कळदा मिळते. आणि त्यांना सरळ विचारा, गाडी ठोकली गेली तर सर्व्हेअरच्या मागे तुम्ही लागणार का? ‘हो’ म्हणाले आणि माणूस शब्दाचा असेल, तर पाचशे-हजार जास्त देऊन मी त्यांच्याकडूनच घेईन. पुराच्या दिवसांत, ॲपवर रांग लागलेली असताना, फोन उचलणारा ओळखीचा माणूस काय असतो हे मी पलीकडच्या बाजूनं पाहिलंय. ‘ते कंपनीचं कंपनी बघेल’ असं उत्तर आलं, तर ऑनलाइन घ्या आणि त्यांना आधीच तसं सांगून टाका. न सांगता घेतलेली पॉलिसी नणंदेला दुसऱ्याच कुणाकडून कळते, दिवाळी त्यानं बिघडते. पैसे मात्र, कुणाकडून घ्या, कंपनीच्या नावावरच भरा. भाऊजींच्या मोबाइल नंबरवरही पाठवू नका.

एक छोटी गोष्ट राहिली. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. गाडी तुमच्या नावावर आहे, लायसन्सही आहे, तेव्हा तो सक्तीचा. पण पहिल्या पॉलिसीत तो एक वर्षाचा घेतलाय की तीन वर्षांचा ते बघा. तीन वर्षांचा असेल, किंवा तुमची स्वतंत्र १५ लाखांची अपघात पॉलिसी असेल, तर पुन्हा घ्यायची गरज नाही.

सीएनजीचा संबंध आहे आणि तो बराच आहे. किट अधिकृत ठिकाणी बसवा, आधी आरटीओकडे आरसी बुकात नोंद करा आणि मग विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. रूढ दर किटच्या किमतीच्या ४ टक्के असा आहे, थर्ड पार्टीसाठी वर ६० रुपये. चाळीस-पन्नास हजारांच्या किटला दोन हजारांच्या आसपास. हे वाचवायला नोंद न करणारे बरेच असतात, आणि नंतर गाडीला आग लागली की सर्व्हेअर पहिल्यांदा डिकी उघडतो. मिस्टरांना म्हणावं, किट दसऱ्याआधी बसवणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे तो आकडा कोटेशनच्या कागदातच घालता येईल.